गप्पा आपल्या, पार कोणाचा?

(शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतले शिक्षक, वाचनालयांचे कार्यकर्ते, बचत गटांच्या ताई आणि कॉलेजमधली काही मुलं-मुली यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्यातली रूपं शक्यतो तशीच ठेवली आहेत. शेवटी प्रश्नोत्तरांतला थोडा भाग दिला आहे.)

मागे उभे आहात त्यांनी पुढे या, सतरंजीवर भरपूर जागा आहे.

आजचा विषय पत्रिकेवर जरा जड छापला गेलाय, म्हणून मी एका टँकरपासून सुरुवात करते. शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यावरची गोष्ट आहे. पाड्याचं नाव घेत नाही, कारण गोष्ट थोडी लाजेची आहे, आणि त्या लाजेत मीही वाटेकरी आहे. तिथल्या बायकांनी दोन उन्हाळे टँकरची नोंद ठेवली. टँकर कधी आला, किती वाजता आला, विहिरीत किती पाणी सोडलं, कोणत्या दिवशी आलाच नाही. सगळं व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर, फोटोसकट. ग्रुप काढायचा सल्ला माझाच होता. वही कशाला, फोटोवर तारीख-वेळ आपोआप येते, असं मी मोठ्या ऐटीत सांगितलं होतं.

तिसऱ्या वर्षी तक्रार करायची वेळ आली तेव्हा आम्ही नोंदी शोधायला बसलो. ग्रुप चालवणाऱ्या मुलाचा फोन पाण्यात पडून बंद झालेला, बॅकअप घेतलेला नव्हता. बाकीच्यांचे फोन छोटे. मेमरी भरली की आपण काय करतो? ‘शुभ सकाळ’चे फोटो पुसतो, आणि त्या झपाट्यात बाकीचेही जातात. काहींनी फोटो कधी उघडलेच नव्हते. नंतर दाबून पाहिले तर उतरेनात. मग एकाने विचारलं, ताई, कंपनीकडे असेल की सगळं? त्यांच्याकडे मागू.

कंपनीकडेही नव्हतं. व्हॉट्सअ‍ॅपचं काम पोस्टमनसारखं आहे. निरोप तुमच्या फोनवर पोचला की तो त्यांच्या सर्व्हरवरून निघून जातो. पोचला नाही तर साधारण तीस दिवस वाट बघतात आणि मग टाकून देतात. खाजगीपणासाठी हे चांगलंच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आम्ही पोस्टमनलाच दप्तर समजून बसलो होतो. दोन उन्हाळ्यांमधलं जे काही हाती लागलं, ते एका मावशींच्या बचत गटाच्या वहीत मागच्या पानांवर होतं. माझं न ऐकता त्यांनी ते लिहून ठेवलं होतं.

तर आजचा प्रश्न असा आहे की आपण रोज जिथे बोलतो, भांडतो, फोटो टाकतो, ती जागा कोणाची? गावात पार असतो. इंग्रजीत ज्याला प्लॅटफॉर्म म्हणतात त्याला मराठीत पार हाच शब्द मला सगळ्यात जवळचा वाटतो. पारावर बसायला कोणाची परवानगी लागत नाही, आणि पार रातोरात कोणी उचलून नेत नाही. फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब हे पारासारखे दिसतात. पण ते मॉलमधले बाक आहेत. बसा, गप्पा मारा, दुकान मात्र त्यांचं.

बाक उचलून नेतात म्हणजे काय, तेही सांगते. इथल्या तिशी-पस्तिशीतल्या लोकांना ऑर्कुट आठवत असेल. ३० सप्टेंबर २०१४ ला ते बंद झालं. याहू ग्रुप्सवर कितीतरी मराठी मंडळांची पत्रव्यवहाराची वर्षानुवर्षांची बाडं होती. ते १५ डिसेंबर २०२० ला बंद. टिकटॉकचं वेगळं झालं. २९ जून २०२० ला सरकारने बंदी घातली आणि एका रात्रीत खेड्यापाड्यांतल्या पोरापोरींचे व्हिडिओ आणि त्यांचे चाहते दिसेनासे झाले. बंदी योग्य की अयोग्य, हा वाद इथे नको. मला दिसतं ते एवढंच की ज्यांनी ते व्हिडिओ केले त्यांना कोणीच विचारलं नाही. कंपनीने नाही आणि सरकारने तर नाहीच.

आपल्या तालुक्यांत ही गोष्ट समजावून सांगायला फार कष्ट पडत नाहीत. तानसाचं धरण १८९२ चं. मुंबईला सगळ्यात जास्त पाणी देणारं भातसाही शहापुरातच आहे. मोठमोठ्या नळांमधून पाणी आपल्या शेतांशेजारून जातं आणि उन्हाळ्यात वरच्या पाड्यांवर टँकरची वाट बघतात. मुरबाडकरांना बारवीबद्दल मी सांगायला नको, गावं कोणाची बुडाली आणि पाणी कुठे गेलं. आपल्या बोलण्याचं तसंच आहे. पाऊस आपल्या डोंगरावर पडतो. आपण बोलतो, आपण फोटो काढतो, म्हैस विकायची असेल तर आपणच विचारतो. साठा दुसरीकडे होतो, त्यावर जाहिरातीचा धंदा दुसरीकडे चालतो. उपमा सगळीकडे लागू होत नाही, माहीत आहे मला. पाणी गेलं की जातं, शब्द गेले तरी आपल्याकडेही राहतात. पण चावी कोणाच्या हातात, एवढ्यापुरती ती लागू होते.

चावी म्हणजे काय? फेसबुकवर तुमच्या वाचनालयाचं पान आहे समजा. त्याला हजार लोक जोडलेले आहेत. तुम्ही कार्यक्रमाची सूचना टाकली. ती हजार लोकांना दिसते का? नाही. कोणाला काय आणि कितव्या क्रमांकावर दाखवायचं हे कंपनीचं गणित ठरवतं. जास्त लोकांना दाखवायची असेल तर पैसे भरून ‘बूस्ट’ करा. म्हणजे आपल्याच माणसांना निरोप द्यायला आपणच भाडं भरायचं. दवंडीवाला असता आणि म्हणाला असता की अर्ध्या आळीतच फिरीन, बाकीच्याचे वेगळे पैसे, तर गावाने त्याला काय केलं असतं?

आता यावर लोक म्हणतात, फुकट मिळतंय ना, मग कटकट कशाला. हा वाद आपल्या देशात एकदा नीट झालेला आहे. २०१५ मध्ये फेसबुकने ‘फ्री बेसिक्स’ आणलं. काही ठरावीक संकेतस्थळं फुकट, बाकीच्या इंटरनेटला पैसे. डिसेंबर २०१५ मध्ये मार्क झुकेरबर्गने टाइम्स ऑफ इंडियात लेख लिहिला, आणि त्यात महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याचं उदाहरण दिलं. हवामान कळतं, बाजारभाव कळतात वगैरे. म्हणजे आपल्याच नावाने वकिली चालली होती. लाखो लोकांनी ट्रायला लिहून विरोध केला आणि ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने असे वेगवेगळे दर लावायला मनाई केली. कुंपणातलं फुकट नको, असं आपण तेव्हा म्हटलं. नंतर डेटा स्वस्त झाला, आणि आपण आपल्या पायाने चालत त्याच कुंपणात जाऊन बसलो.

मग दुसरा पार असतो कुठे? मराठी माणसाला हे विचारावं लागू नये खरं तर. मायबोली हे संकेतस्थळ १९९६ च्या गणेश चतुर्थीला, १६ सप्टेंबरला सुरू झालं. अमेरिकेत राहणाऱ्या अजय गल्लेवाले यांनी ते सुरू केलं. फेसबुक यायला अजून आठ वर्षं होती, संगणकावर देवनागरी उमटवणं हीच एक लढाई होती. तिथे लोकांनी पाककृती लिहिल्या, कथा लिहिल्या, किल्ल्यांच्या वाटा सांगितल्या, कडाकडा भांडले. गणेशोत्सव तिथलेच लोक हौसेने चालवतात. पुढे मनोगत आलं. २००७ मध्ये तात्या अभ्यंकरांनी मिसळपाव काढलं. २०११ मध्ये ऐसी अक्षरे आलं. एका ठिकाणी पटलं नाही की माणसं उठून दुसरं दुकान थाटायची. त्या काळात याला मराठी माणसाची भांडकुदळ वृत्ती म्हणून हसायचे. मला आज ते फार मोलाचं वाटतं. पटलं नाही तर उठून जाता येणं आणि नवा पार बांधता येणं, हे फेसबुकवर शक्यच नाही. तिथे फार तर नवा ग्रुप काढता येतो, जमीनदार तोच.

उगाच आरती ओवाळत नाही. ही स्थळं काही सहकारी संस्था नाहीत, मालक किंवा चालक असतातच, आणि संपादकांच्या कात्रीवरून तिथे महाभारतं झाली आहेत. शिवाय तिथे प्रामुख्याने शहरातला, परदेशातला, शिकलेला मराठी माणूस होता. आपला ठाकर, कातकरी, कोळी माणूस तिथे नव्हता. पण एक गोष्ट सिद्ध झाली. थोडी माणसं, एक सर्व्हर, मुक्त सॉफ्टवेअर आणि भांडणं मिटवायला बसणारी चार-पाच चिकाटीची माणसं, एवढ्यावर पंचवीस-तीस वर्षं जागा टिकते. गुगलचं गुगल प्लस आठ वर्षंसुद्धा टिकलं नाही.

मराठी विकिपीडिया दुसरं उदाहरण. १ मे २००३ पासून चालू आहे. जाहिरात नाही. मागे ना-नफा संस्था आहे आणि मजकुराचा परवाना असा की सगळा मजकूर उचलून कोणीही दुसरीकडे मांडू शकतो. याचा उपयोग होतो बरं का. २००२ मध्ये स्पॅनिश विकिपीडियावर पुढेमागे जाहिराती येतील अशी शंका आली, तेव्हा बरेच लेखक मजकूर घेऊन बाहेर पडले आणि त्यांनी वेगळा ज्ञानकोश मांडला. दार उघडं असलं की चालकाला भान राहतं.

आता थोडं तांत्रिक, पण पाड्याच्या भाषेत सांगते. २०१६ मध्ये जर्मनीतल्या ऑयगेन रॉश्को नावाच्या तरुणाने मॅस्टोडॉन हे सॉफ्टवेअर सोडलं. दिसायला ट्विटरसारखं. फरक असा की मॅस्टोडॉनचा एकच मोठा सर्व्हर नाही, हजारो छोटे आहेत. कोणी विद्यापीठाने चालवलेला, कोणी दहा मित्रांनी, कोणी एखाद्या शहराने. एका सर्व्हरवरचा माणूस दुसऱ्यावरच्या माणसाशी बोलू शकतो, जसं जीमेलवाला याहूवाल्याला ईमेल पाठवतो. हे सर्व्हर ज्या समान भाषेत बोलतात तिचं नाव अ‍ॅक्टिव्हिटीपब. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यू थ्री सी या संस्थेने जानेवारी २०१८ मध्ये तिला मान्यता दिली.

पेसा कायदा ज्यांना माहीत आहे त्यांना हे लगेच कळेल. शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाडची काही गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत. पेसाखाली एखादा पाडा ठराव करून स्वतंत्र गाव म्हणून मान्यता मागू शकतो, त्याची स्वतःची ग्रामसभा होते. म्हणून काय पाड्या-पाड्यांतली सोयरीक तुटते? बाजार तोच, म्हशाची जत्रा तीच. घरातला निर्णय मात्र घरात. मॅस्टोडॉनचा प्रत्येक सर्व्हर असा एक पाडा आहे. नियम आपले, राखण आपली, वाट सगळ्यांकडे जाणारी. एखाद्या पाड्यावरून सतत शिवीगाळ येत असेल तर तिकडचं दार लावून घेता येतं. आणि गंमत म्हणजे पेसा कायदाही १९९६ चाच, मायबोलीच्या वयाचा.

याची कमतरताही सांगितली पाहिजे. घर बदललं तर तुमचे अनुयायी बरोबर नेता येतात, जुनं लिखाण मात्र नव्या घरी आपोआप येत नाही. सर्व्हर चालवणारा कंटाळला तर सर्व्हर बंद पडतो, तसं झालेलंही आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये ट्विटरवर एका ज्येष्ठ वकिलांचं खातं बंद झालं तेव्हा भारतातले पुष्कळ लोक रागाने मॅस्टोडॉनवर गेले आणि बरेचसे परतही आले. राग हे जागा सोडायला पुरेसं कारण असतं. नव्या जागी राहायला रोजचं काही काम लागतं.

हे रोजचं काम फार महत्त्वाचं आहे. आपल्याकडे यंत्र येतं तेव्हा फीत कापायला सगळे असतात. मुरबाडमधलं धसई आठवा. डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातलं पहिलं रोकडरहित गाव म्हणून घोषणा झाली, दुकानादुकानात कार्डाची यंत्रं आली. नंतर ती यंत्रं किती दिवस चालली हे मी काय सांगणार, धसईचे लोक इथे बसले आहेत, ते हसतायत. याउलट शहापुरातला पष्टेपाडा घ्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत संदीप गुंड सरांनी गावाला बरोबर घेऊन डिजिटल शाळा उभी केली आणि ती बघायला राज्यभरातून शिक्षक आले. गावाचा हात लागलेली वस्तू गाव सांभाळतं. दरवेळी सांभाळतंच असं नाही, पण बिघडली तर निदान कोणाला तरी वाईट वाटतं.

आता सगळ्यात अवघड मुद्दा. आपली जागा म्हणजे चांगली जागा असं आपोआप होत नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला मुलं पळवणारे आले अशा अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठार मारलं. भिक्षा मागायला आलेली माणसं होती ती. एप्रिल २०२० मध्ये आपल्या शेजारच्या पालघर जिल्ह्यात गडचिंचल्याला, चोर फिरतायत अशा अफवांच्या दिवसांत, दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले. ते रस्ते आपल्यापैकी अनेकांच्या पायाखालचे आहेत. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. निर्णय कॅलिफोर्नियात झाला, लागू साक्रीत झाला. उपयोग झाला असेल, मी नाही म्हणत नाही.

पण अफवा कुठे थांबते, याचा माझा अनुभव असा. ज्या ग्रुपमध्ये एखाद्या वयस्कर माणसाने किंवा शाळेतल्या बाईंनी ‘हे कोणी पाहिलं, नाव सांगा’ असं विचारलं, तिथे ती थांबली. म्हणजे राखणदार हवा. कंपनीचा राखणदार लांब बसतो. त्याला कातकरी येत नाही, ठाकरी येत नाही, इथे कोणत्या आडनावाने कोणाला टोचतात हे कळत नाही. आपल्या राखणदाराला ते कळतं. पण आपल्या राखणदाराला आपले हितसंबंधही असतात! सरपंचाचाच भाचा अ‍ॅडमिन असला तर टँकरची तक्रार तिथे टिकेल का? म्हणून राखणदार एकच नको, बदलता हवा, आणि काय पुसलं हे नोंदवून ठेवण्याचा नियम हवा. बचत गटात आपण हे सगळं करतोच. अध्यक्ष बदलते, वही सगळ्यांसमोर वाचली जाते, सही दोघींची लागते. सहकाराच्या महाराष्ट्राला हे शिकवायची गरज नाही. सहकार कसा एका घराण्याच्या खिशात जातो, तेही आपल्याला शिकवायची गरज नाही.

आणि इंटरनेटच नसेल तर? घाटाच्या पायथ्याला गेलं की रेंज जाते. आयआयटी मुंबईने ‘ग्राम मार्ग’ प्रकल्पात पालघरच्या खेड्यांत दूरदर्शनच्या न वापरलेल्या लहरींवरून इंटरनेट पोचवून दाखवलं, २०१७ मध्ये त्याला मोझिलाचं पहिलं बक्षीस मिळालं. पण इंटरनेटशिवायही बरंच होतं. तळहाताएवढा, काही हजार रुपयांचा संगणक शाळेत किंवा वाचनालयात ठेवला आणि त्याला वायफाय जोडलं, की आवारातल्या कोणाच्याही फोनवर त्यातला मजकूर उघडतो. पूर्ण मराठी विकिपीडिया त्यात मावतो. गावचे फोटो, ग्रामसभेचे ठराव, म्हाताऱ्यांच्या आवाजातल्या गोष्टीही मावतात. आत काय ठेवायचं ते गाव ठरवतं.

बरं, प्रश्न घेऊ या. दहा मिनिटं आहेत.

प्रश्न : आम्ही व्हॉट्सअ‍ॅप सोडायचं का?

नाही हो. सगळी माणसं तिथे आहेत, तुम्ही एकटे दुसरीकडे जाऊन कोणाशी बोलणार? निरोप तिथेच द्या. फक्त दप्तर तिथे ठेवू नका. ग्रुपला तीन अ‍ॅडमिन करा, त्यातली एक बाई असू द्या. महिन्यातून एकदा ‘एक्स्पोर्ट चॅट’ करून फाइल दोन ठिकाणी ठेवा. महत्त्वाचा फोटो आला की त्याच दिवशी वेगळा काढा. आणि वही ठेवा. मी सुधारले आहे.

प्रश्न : स्वतःची जागा काढायची तर खर्च किती? आणि भरणार कोण?

नाव घ्यायला वर्षाला साधारण हजार रुपये, कधी त्याहून कमी. देवनागरीत ‘डॉट भारत’ नावही २०१४ पासून मिळतं. साध्या पानांसाठी सर्व्हरचे वर्षाला काही हजार. एका गावाला जड जाईल. पण दोन तालुक्यांतली दहा वाचनालयं मिळून एक सर्व्हर सहज घेऊ शकतात. माझी भीती पैशाची नाहीच. पासवर्ड एकाच उत्साही मुलाकडे असतो आणि त्याला पुण्यात नोकरी लागते, ही भीती आहे. पासवर्ड पाकिटात बंद करून वाचनालयाच्या कपाटात ठेवा आणि कार्यकारिणी बदलली की बदला.

प्रश्न : व्हॉट्सअ‍ॅपसारखं, पण कंपनीचं नसलेलं काही आहे का?

आहे. व्हॉट्सअ‍ॅप ज्या एक्सएमपीपी नावाच्या खुल्या पद्धतीवरून सुरुवातीला बेतलं होतं, ती अजून खुली आहे. तिच्यावर चालणारं ‘प्रव’ नावाचं अ‍ॅप भारतातल्या मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी काढलंय आणि ते सहकारी पद्धतीने चालवावं असा त्यांचा विचार आहे. वापरून बघा. तुमची आत्या तिथे येईल का, हा खरा प्रश्न आहे.

प्रश्न (एका ताईंचा) : आमच्या वाडीवर लिहिणारं-वाचणारं कमी. हे सगळं लिहिता येणाऱ्यांसाठीच ना?

बरोबर पकडलंत ताई. मुरबाडच्या फांगण्यात ८ मार्च २०१६ ला योगेंद्र बांगर गुरुजींनी आजीबाईंची शाळा सुरू केली, गुलाबी साड्या नेसून आज्या अक्षर गिरवायला बसल्या. पण त्या शिकेपर्यंत थांबायचं कशाला? कर्नाटकात तुमकूरजवळ देवरायनदुर्गला ‘जनस्तु’ नावाची संस्था गावातल्या गावात चालणारं वायफायचं जाळं चालवते आणि त्यावर लोक लिहिण्याऐवजी बोलतात. आवाज ध्वनिमुद्रित होतो, फोनवर ऐकता येतो. तुमच्या वाडीवर कातकरीत बोलणाऱ्या एका म्हातारीपासून सुरुवात करा. दहा मिनिटं बोलू द्या. तिला आधी विचारा की हे कोणी ऐकलेलं चालेल आणि कोणी नाही, आणि ती नाही म्हणाली तर पुसून टाका. तेवढा नियम पाळलात तर तुमचा सर्व्हर माझ्या मते...

हो, हो, टोकावड्याची गाडी आहे. ज्यांना जायचंय त्यांनी निघा. बाकीच्यांनी चहा घ्या. दहा वाचनालयांची यादी करायची आहे, तो कागद दाराशी ठेवलाय. नाव आणि फोन नंबर लिहा. पेनानेच लिहा.